ही केबल कुठे जाते?

सरकारी कचेरी असो, कॉलेज असो की चार मजली खासगी इस्पितळ, जिन्याखाली किंवा लिफ्टच्या मागे एक अरुंद खोली असतेच. दारावर ‘सर्व्हर रूम’ लिहिलेलं असतं. आत सर्व्हर असेलच असं नाही. एक लोखंडी रॅक, त्यात दोन-तीन स्विच आणि पॅच पॅनेल, कोपऱ्यात गेल्या गणपतीतली लायटिंगची माळ, मोडके कीबोर्ड, पाण्याचा रिकामा जार. आणि रॅकच्या तोंडावर निळ्या, करड्या, पिवळ्या केबल्सचा असा गुंता, की मागचे पोर्टसुद्धा दिसू नयेत. तिसऱ्या मजल्यावरून निरोप येतो, ‘अकाउंट्सचं नेट गेलंय.’ मग एक जण खाली रॅकपाशी, एक जण वर टेबलाखाली, आणि दोघांच्याही कानाला मोबाइल.

‘काढली बघ एक. काही फरक?’

‘दादा, आपलं तर आधीच गेलंय. पण पलीकडे एचआरच्या मॅडम उठून उभ्या राहिल्यात.’

‘बरं. लावतो परत.’

ही केबल कुठे जाते, एवढाच तर प्रश्न. पण केबल भिंतीत शिरते, फॉल्स सीलिंगवरून जाते, डक्टमधून वर चढते आणि पन्नास-साठ मीटरवर कुठल्या तरी टेबलाखालच्या सॉकेटात उगवते. रॅकपाशी तिच्यासारख्याच आणखी २३ जणी उभ्या असतात. रंग तोच, जाडी तीच, कंपनीही तीच. आपण कुठून आलो हे केबलला सांगता येत नाही.

हा प्रश्न केवढा मोठा आहे ते मोजूनच पाहू. खाली २४ टोकं, वर २४ सॉकेट. पहिली केबल २४ पैकी कुठल्याही सॉकेटात जात असेल, दुसरी उरलेल्या २३ पैकी, तिसरी २२ पैकी. असं गुणत गेलं की शक्य जुळण्यांचा आकडा येतो साधारण ६२ आणि त्यापुढे २२ शून्यं. शाळेत रसायनशास्त्र शिकलेल्यांना तो ओळखीचा वाटेल. १२ ग्रॅम कार्बनमध्ये जेवढे अणू असतात तो ॲव्होगाड्रोचा अंक, ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात, जवळपास एवढाच आहे. किंबहुना आपल्या केबल्सचा आकडा त्याहून थोडा जास्तच भरतो. जिन्याखालचं एक २४ पोर्टांचं पॅनेल, आणि अज्ञान मोजायला अणूंचा हिशेब लागतो!

आता हाच आकडा दुसऱ्या बाजूने बघा, तो आणखी चकित करतो. माहिती बिटांत मोजायची रीत गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली पक्क्या पायावर उभी केली. त्या मापाने, एवढ्या प्रचंड जुळण्यांपैकी खरी कुठली, हे सांगायला ८० बिटांहूनही कमी माहिती पुरते. संगणकात इंग्रजीची दहा अक्षरं साठवायला लागते तेवढी जागा! त्या खोलीतून हरवलंय ते एवढंच, दहा अक्षरांएवढं. तेवढं कुणी लिहून ठेवलं नाही म्हणून दोन माणसं दुपारभर जिना चढतात आणि उतरतात.

बरं, हा गुंता होतो कसा? दर वेळी एखाद्या आळशाला दोष देण्यात अर्थ नाही. पॅनेल आणि स्विच जोडणारी एक मीटरची पॅच कॉर्ड स्टोअरमध्ये नव्हती, म्हणून तीन मीटरची लावली. उरलेले दोन मीटर समोर लोंबू लागले. ऑडिटर येणार होते, तेव्हा ‘सध्या तात्पुरतं लावून ठेव’ असं कुणी म्हणालं. ऑडिटर गेले, केबल राहिली. प्रत्येक केबल ज्या दिवशी लागली त्या दिवशी तिला कारण होतं. सगळ्यात वरची सगळ्यात नवी, तळातली रॅक बसवला त्या वर्षीची. कुठल्या सालापर्यंत शिस्त होती आणि कधी मोडली, तेही या थरांवरून सांगता येतं.

दोऱ्यांना गाठी का पडतात यावर खरोखर प्रयोग झाले आहेत. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी एका डब्यात दोरी टाकून तो डबा फिरवला, एकूण ३,४१५ वेळा. २००७ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. गाठी काही सेकंदांत पडत होत्या आणि त्यांचे तब्बल १२० प्रकार निघाले. पुढच्या वर्षी त्यांना गमतीदार संशोधनासाठी दिलं जाणारं इग नोबेल मिळालं. मोकळ्या टोकांच्या दोरीचं हे असं होतं. रॅकमधल्या पॅच कॉर्डची दोन्ही टोकं मात्र पोर्टांत रोवलेली असतात, आणि टोकं पक्की असलेल्या केबलला कितीही हलवलं तरी तिची स्वतःची गाठ पडूच शकत नाही. हे गणितानेच सिद्ध आहे. पडतो तो अनेक केबल्सचा एकमेकींवरून जाणारा पेड. वेणीचं असतं तसंच, जो पेड शेवटी पडला तो आधी सोडवायचा. वेण्यांचं गणित गणितज्ञ एमिल आर्टिन यांनी १९२५ साली मांडलं, पण त्यातलं आपल्या कामाचं एवढंच, की तळातली केबल ओढायची नाही. सगळ्यात वरचीचं एक टोक काढायचं, तिला मोकळं करायचं, मग खालची. हिसका दिला की पेडाची गाठ होते, आणि बहुतेक वेळा पोर्टातून तिसरीच केबल अर्धवट बाहेर येते.

आता जरा केबलच्या आत डोकावू. कॅट-६ केबलचं दोन बोटं आवरण सोललं की आठ तारा दिसतात, दोन-दोनच्या चार जोड्या. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येक रंगीत तारेची जोडीदार पांढरी, अंगावर त्याच रंगाची रेघ असलेली. जोडीतल्या दोघी एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. पण बारकाईने पाहिलं तर चारही जोड्यांचा पीळ सारखा नसतो. एकीचा घट्ट, एकीचा सैल. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा कारखान्यातला हलगर्जीपणा वाटतो. तसं नाही, सगळी करामत या कमी-जास्त पिळातच आहे.

तारा पिळायची कल्पना अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांची, पेटंट १८८१ चं. एका तारेवर संदेश जातो, दुसरीवर नेमका त्याच्या उलटा. शेजारी लिफ्टची मोटर सुरू झाली की तिचा उपद्रव दोन्ही तारांना होतो, आणि पिळामुळे कधी ही तार मोटरीच्या बाजूला, कधी ती, असं होऊन दोघींच्या वाट्याला सारखाच येतो. पलीकडचं यंत्र दोन्ही तारांमधला फक्त फरक मोजतं. उपद्रव दोघींवर सारखाच असल्यामुळे वजाबाकीत तो जातो आणि संदेश तेवढा उरतो. चारही जोड्यांना एकच पीळ दिला असता, तर शेजारच्या जोड्यांची वळणं जागोजाग जुळली असती आणि एकीचं बोलणं दुसरीत झिरपलं असतं. म्हणून प्रत्येकीचं वळण वेगळं. कनेक्टर बसवताना हा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही असा दंडक आहे. बोटाच्या नखाएवढी जागा!

हे एवढं जपायचं ते त्या तारांवरच्या गर्दीमुळे. १९९९ च्या मानकानुसार गिगाबिटच्या जोडणीत चारही जोड्यांवर एकाच वेळी दोन्ही दिशांनी संदेश धावतात. एकाच जोडीवर दोघं एकदम बोलतात आणि तरीही दोघांना एकमेकांचं ऐकू येतं, कारण आपण स्वतः काय बोललो हे प्रत्येक टोकाला माहीत असतं आणि तेवढं ते ऐकलेल्यातून वजा करतं. सेकंदाला साडेबारा कोटी वेळा, प्रत्येक जोडीवर.

क्रिम्पिंग करणारी, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर बसवणारी, मुलं रंगांचा क्रम तोंडातल्या तोंडात म्हणत असतात. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. बाकी सगळ्या जोड्या शेजारी-शेजारी, मग हिरवीच्या दोघींमध्ये निळी का घुसते? ही टेलिफोनची जुनी वहिवाट आहे. टेलिफोनची पहिली लाइन कनेक्टरच्या मधल्या दोन खाचांत येते, ती जागा निळ्या जोडीला गेली, आणि हिरवीला तिच्या अल्याडपल्याड उभं राहावं लागलं. नवशिका कधी कधी आपली अक्कल चालवून सगळ्या जोड्या ओळीने लावतो, दोन्ही टोकांना तशाच. स्वस्तातला टेस्टर आठही दिवे हिरवे दाखवतो. पण तिसऱ्या आणि सहाव्या खाचेतून जाणारा संदेश आता दोन वेगळ्या जोड्यांतल्या तारांवरून जातो, वजाबाकीचा मेळ बसत नाही, आणि नेट चालतं पण रडतखडत. ‘केबल तर ओके आहे, तुमचा कॉम्प्युटरच स्लो आहे’ असं कुणी सांगितलं, तर एकदा त्याच्या हिरव्या तारांकडे बघून घ्या.

कुठली तार कुठली, हे शोधायचं कोडं नेटवर्कच्या आधी टेलिफोनवाल्यांना पडलं होतं. बेल लॅबोरेटरीजचे गणितज्ञ रोनाल्ड ग्रॅहम आणि त्यांचे सहकारी केनेथ नोल्टन यांना १९६८ साली त्यावरच्या एका युक्तीचं पेटंट मिळालं. गणितज्ञाने तारा ओळखण्याच्या रीतीचं पेटंट घ्यावं, हेच मला फार आवडतं. युक्ती अशी. समजा तळघरातून गच्चीवर सहा सारख्याच तारा गेल्या आहेत आणि तुम्ही एकटेच आहात. हातात कंटिन्युइटी तपासायचा, म्हणजे दोन टोकं कुठेतरी जोडलेली असली की वाजणारा, बझर आहे. किती खेपा माराव्या लागतील?

एक. तळघरात एक तार मोकळी ठेवा, दोन एकमेकींना जोडा, उरलेल्या तिघींना एकत्र जोडा. गच्चीवर जाऊन बझर लावा. जिची कुणाशीच कंटिन्युइटी लागत नाही ती मोकळी, तिला ‘क’ म्हणू. ज्या दोघींची एकमेकींशी लागते त्या ‘ख’ आणि ‘ग’. तिघींचा गट ‘च’, ‘छ’, ‘ज’. गटात कोण कुठली याची पर्वा न करता नावाच्या चिठ्ठ्या लावून टाका. आता गच्चीवर नवी जोडणी करा. ‘क’, ‘ख’ आणि ‘च’ एकत्र, ‘ग’ आणि ‘छ’ एकत्र, ‘ज’ मोकळी. खाली या. तळघरातल्या जोडण्या सोडा, पण कुठली तार कुठल्या गटात होती ते लक्षात ठेवा, आणि पुन्हा बझर लावा. खाली जी एकटी होती ती ‘क’. खालच्या दोघींपैकी जी आता तिघींच्या गटात आहे ती ‘ख’, जी दोघींच्या गटात आहे ती ‘ग’. खालच्या तिघींपैकी आता तिघींत असलेली ‘च’, दोघींत असलेली ‘छ’, एकटी पडलेली ‘ज’. सहाही सापडल्या! कागदावर सहा रेघा ओढून स्वतः करून पाहा. गंमत म्हणजे तारा सहा असोत की सहाशे, मोजके आकडे सोडले तर एवढ्याच येण्या-जाण्यात काम होतं.

आता त्यासाठी टोनर मिळतो. एका टोकाला छोटा डबा लावायचा, तो तारेवर किरर्र असा सूर सोडतो. दुसऱ्या टोकाला पेनासारखा प्रोब घेऊन एकेका केबलजवळ न्यायचा. आवरण न सोलता, तांब्याला न शिवता, योग्य केबलजवळ प्रोब ओरडतो. पण टोनरचे दोन चिमटे एकाच जोडीच्या दोन तारांना लावले, तर तोच तो पीळ सूरही बाहेर झिरपू देत नाही. म्हणून जाणते लोक एक चिमटा एका जोडीच्या तारेला आणि दुसरा दुसऱ्या जोडीच्या तारेला लावतात. बेल यांची युक्ती मुद्दाम बिघडवायची आणि मग ऐकायचं.

शोधायच्या युक्त्या कितीही असल्या तरी शोधावं लागणं हेच खर्चाचं. लेबलाचं काम तिथे येतं. अमेरिकेत त्यासाठी टीआयए-६०६ नावाचं वेगळं मानकच १९९३ पासून आहे. त्याचा गाभा साधा आहे. प्रत्येक केबलला एक नाव, तेच नाव दोन्ही टोकांना, आणि ते नाव जागेवरून आलेलं. ‘२ए-बी१७’ म्हणजे दुसरा मजला, खोली ए, पॅनेल बी, पोर्ट १७. वरच्या सॉकेटवरही तेच. आपल्याकडे रॅकमध्ये दिसतं ते वेगळंच. मास्किंग टेपवर बॉलपेनने ‘कुलकर्णी मॅडम’. मॅडम निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी झेरॉक्स मशीन आलं, आणि टेपचा डिंक उन्हाळ्यात वाळून ते नाव रॅकच्या तळाशी पडलं. माणसं हलतात, खातीही हलतात. भिंतीतलं सॉकेट तेवढं हलत नाही, म्हणून नाव त्याचं द्यायचं.

केबलसाठी मिळणारं चांगलं लेबल हातात घेऊन पाहण्यासारखं असतं. वरचा भाग पांढरा, त्यावर मजकूर छापायचा. खाली लांबच लांब पारदर्शक शेपटी. पांढरा भाग आधी चिकटवायचा आणि शेपटी केबलभोवती गुंडाळत आणायची, की ती मजकुरावर येऊन बसते. अक्षरांना बोट लागत नाही, धूळ लागत नाही, आणि लेबल स्वतःवरच चिकटलेलं असल्यामुळे सुटत नाही. ते टोकापासून वीतभर अंतरावर लावावं. अगदी टोकाशी लावलं तर शेजारच्या कनेक्टरांत दडतं.

रॅक आवरायचा म्हटलं की लोकांना आधी आठवतो झिप टाय. थॉमस अँड बेट्स कंपनीच्या मॉरस लोगन यांनी विमानाच्या कारखान्यात मेणाच्या दोऱ्याने तारांच्या जुड्या बांधणारे कामगार पाहिले, दोऱ्याने कापलेली त्यांची बोटं पाहिली, आणि त्यातून १९५८ साली हा टाय आला. दोरा मात्र संपलेला नाही. मंगळावरच्या क्युरिऑसिटी गाडीच्या तारांच्या जुड्या दोऱ्यानेच बांधल्या आहेत. नेटवर्कच्या केबलला दोन्हींपेक्षा वेलक्रो बरा. झिप टाय करकचून ओढला की आतल्या जोड्या दबतात, पिळाचं अंतर बिघडतं. शिवाय तो एकदा बांधला की कापावाच लागतो, आणि घाईत कटर केबललाही लागतो.

इथे माझं मत जरा उलटं आहे. फोटोत वाहवा मिळवणारे, कंगवा फिरवल्यासारखे दिसणारे रॅक मला फारसे भुरळ घालत नाहीत. केबल्स लांबवर अगदी समांतर आणि घट्ट बांधल्या की एकीचं दुसरीत झिरपणं वाढतं. दहा गिगाबिटच्या वेगाला ते जाणवतं. त्यातून आता केबलमधूनच कॅमेऱ्यांना आणि वायफायच्या डब्यांना वीज जाते. २०१८ च्या मानकानुसार एका पोर्टमधून ९० वॉटपर्यंत. जाड जुडीच्या पोटातल्या केबलची उष्णता बाहेर पडायला वाव राहत नाही. जुड्या सैल, लहान आणि नावं लिहिलेल्या असाव्यात. दिसायला थोडं कमी देखणं चालेल.

आणि एक धोका सुट्या टोकाचा. साफसफाई करताना कुणाला लोंबती पॅच कॉर्ड दिसते, तो ती चांगल्या मनाने जवळच्या रिकाम्या पोर्टात खोचतो. तिचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये असलं, तर वर्तुळ पूर्ण झालं. सर्वांना उद्देशून निघालेला निरोप त्या वर्तुळात फिरू लागतो; इथरनेटच्या निरोपाला मरण्याची मुदत लिहून दिलेली नसते, त्यामुळे तो फिरतच राहतो, दर फेरीत त्याच्या प्रती निघतात, आणि क्षणात अख्ख्या इमारतीचं नेट बसतं. संगणकशास्त्रज्ञ रादिया पर्लमन यांनी १९८५ साली यावर उपाय शोधला. स्विच आपसांत बोलून वर्तुळ कुठे होतंय ते ओळखतात आणि एक वाट स्वतःहून बंद ठेवतात. त्या शोधनिबंधाची सुरुवात त्यांनी चक्क एका कवितेने केली. पण त्या उपायालाही मर्यादा आहेत. नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्राएल डीकनेस या मोठ्या रुग्णालयाचं जाळं इतकं लांब पसरलं होतं, की हीच यंत्रणा ताणाखाली कोलमडली आणि डॉक्टरांना काही दिवस कागद-पेनावर रुग्णालय चालवावं लागलं. शिवाय कित्येक स्वस्त स्विचमध्ये ही सोय नसतेच.

तेव्हा तुमच्या कार्यालयातली ती खोली आवरायला घ्याल तर सुटीचा दिवस निवडा. काहीही काढण्याआधी रॅकचे मोबाइलवर फोटो घ्या, आणि कुठल्या पोर्टात काय आहे ते कागदावर उतरवा. मग दोन्ही टोकांना लेबलं लावा, आणि त्यानंतरच केबल्सना हात लावा. यादीची एक प्रत रॅकच्या दाराला आतून चिकटवा आणि मार्कर तिथेच दोऱ्याने बांधून ठेवा. एखाद्या केबलचं दुसरं टोक काही केल्या सापडलं नाही, तर ती लगेच कापू नका. स्विचवरचा तिचा दिवा आठवडाभर बघा, महिनाअखेरीचे पगार होऊ द्या, मगच काढा.